वळणाआधीची पायरी

स्टुडिओत तिला सगळे चप्पलताई म्हणत. खांद्याला कायम एक फुगलेली पिशवी आणि पिशवीत निरनिराळ्या माणसांचे पाय: पोलिसाचे बूट, नवरीच्या उंच टाचा, म्हाताऱ्याच्या झिजलेल्या सपाता. सिनेमात माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं बऱ्याचदा त्याची नसतातच. मागाहून कुणीतरी बंद खोलीत, पडद्याकडे बघत, माइकसमोर त्याच्यासाठी चालून देतं. ते कुणीतरी म्हणजे ही. एकदा एका इमारतीच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडायला लावली आणि एवढे जोड बघून तिला चप्पलचोर ठरवून बाकावर बसवून ठेवलं. हा किस्सा ती स्वतःच तिखटमीठ लावून सांगायची. अलीकडे मात्र कुणी चोर हा शब्द काढला की ती विषय बदलायची.

याला कारण मामा. वडील गेल्यावर आईच्या या थोरल्या भावाने तिला वाढवलं आणि हा धंदाही त्यांनीच शिकवला. मामांनी उभी हयात दुसऱ्यांसाठी चालण्यात घालवली. त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण त्यांचा जिना सगळ्यांना माहीत आहे. एका जुन्या सिनेमात एक लहान मुलगी दाराआड लपलेली असते आणि तिचा सावत्र बाप वरून खाली येत असतो. जिना दिसत नाही, बापही दिसत नाही. दिसतो फक्त मुलीचा चेहरा, आणि ऐकू येतात पावलं. वळणाआधीच्या पायरीवर ती अचानक थांबतात, मग पुन्हा चालू लागतात. तेवढ्यात थिएटरातल्या लोकांचा जीव वरखाली होई. जाणकारांनी त्या थांबण्यावर पानंच्या पानं लिहिली. मामा स्वतः त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत, त्यामुळे लोकांना ते आणखीच थोर वाटले.

धाकटे मामाही याच धंद्यात होते. त्यांनी एकदा दुसऱ्या कुणाच्या सिनेमात तोच जिना तसाच्या तसा उतरून दिला. मामांनी तो थिएटरात ऐकला, घरी आले आणि भावाचं नाव टाकलं. पुढे धाकटे मामा वारले तेव्हाही हे उठले नाहीत, खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. चप्पलताई तेव्हा शाळेत होती. मामांची ती पाठ ती आजवर विसरलेली नाही.

आणि आता हा नवा दिग्दर्शक आला. दाढी झकास, बोलणं त्याहून झकास. त्याला म्हणे त्या जुन्या सिनेमाला मानवंदना द्यायची होती. दार तसंच, मुलगी तशीच, फक्त सावत्र बापाच्या जागी एक घरमालकीण. जिनाही हुबेहूब तोच हवा, असं त्याने तिला बजावून सांगितलं. एकदा मानवंदना म्हटलं की कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही, ही त्या शब्दाची मोठीच सोय आहे.

तिने तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण तो जिना तिच्या अंगात मुरला होता. लहानपणी मामा घरात नसले की ती त्यांचे बूट घालून लाकडी खोक्यावर तोच जिना उतरायची. काम सोडताना मामांनी तेच बूट तिला दिले होते. ते तिने पिशवीतून काढले, पायात चढवले आणि एका दमात जिना उतरून दाखवला. वळणाआधी थांबली, मग पुन्हा चालली. काचेपलीकडे आवाज घेणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. मामांनी हे ऐकलं तर किती खूश होतील, असं तिला वाटलं. हा आनंद जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. सुट्टीत दिग्दर्शकाने मोठ्या कौतुकाने सांगितलं की पहिल्या खेळाला मामांना बोलावलंय आणि त्यांनी यायचं कबूलही केलंय. तिचा घास हातातच राहिला. धाकट्या मामांनी केलं तेच आपण केलंय, हे तिला तेव्हा कुठे कळलं.

काही दिवसांनी धीर करून तिने आवाज घेणाऱ्याला गाठलं, जिना बदलू या म्हणून विनवलं. त्याने हात वर केले. सिनेमाचा आवाज पक्का करून तो कधीच पुढे पाठवला होता, आणि सगळे नेमकं त्या जिन्याचंच कौतुक करत होते.

मग निदान आधी सांगून टाकावं म्हणून ती मामांकडे गेली. मामांना आता फारसं दिसत नाही, पण जिन्यावर कोण आहे ते त्यांना खोलीत बसून कळतं.

"टाचा का घासतेयस आज?" दार उघडण्याआधीच आतून आवाज आला. "काय झालंय?"

काही नाही, दमलेय, असं ती म्हणाली. तिने चहा केला, कप धुतले, दोनदा घसा खाकरला आणि शेवटी, तुमचा नळ गळतोय वाटतं, एवढंच बोलून उठली. नळ मुळीच गळत नव्हता. परतताना तिला स्वतःचीच चीड आली, पण चिडीपेक्षा भीती मोठी होती. आई गेल्यापासून जगात आपलं म्हणावं असं तिला मामांवाचून कुणी उरलं नव्हतं.

खेळाच्या दिवशी ती मामांच्या शेजारी बसली. मामा नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते. पडद्यावर मुलगी दाराआड गेली. वरून पावलं निघाली. तिने तोवर हजारदा ऐकलेली ती पावलं आता तिच्याच अंगावर येत होती. वळणाआधी पावलं थांबली. सगळं थिएटर चिडीचूप झालं. मामांची काठीवरची बोटं घट्ट झाली, आणि सिनेमा संपेपर्यंत ती तशीच राहिली. नंतर दिग्दर्शक हात मिळवायला आला, तेव्हा मामांनी मान हलवली आणि घरी जायचंय म्हणून सांगितलं.

गाडीत मामा तोंड फिरवून बसले. तिला ती खिडकीकडची पाठ आठवत राहिली. मामांच्या घराच्या जिन्यापाशी मात्र ते थांबले.

"वळणाआधी का थांबलीस?"

तिला खोटं सुचेना, म्हणून खरंच तोंडातून गेलं. "तुम्ही थांबला होतात म्हणून."

"धाकटाही हेच म्हणाला होता." मामांचा आवाज बारीक झाला होता. "माझ्या बुटात खिळा वर आला होता गं. टोचला, म्हणून थांबलो. लोकांनी डोक्यावर घेतलं, मग सांगायची लाज वाटली. धाकट्यालाही नाही सांगितलं. उलट त्यालाच चोर म्हणालो. मला खिळा टोचला होता. तुझ्या त्या घरमालकिणीला काय टोचत होतं?"

ती बाई जिना उतरताना कशी चालेल, मनात काय घेऊन चालेल, हा विचार तिने क्षणभरही केला नव्हता. पिशवीतले ते बूट तिला एकदम फार जड वाटले.

मामांनी काठीने जिना दाखवला. "चढ. मला ऐकू दे."

ती चढू लागली. आपण एरवी कशा चालतो हे आठवायला गेली आणि आठवेना. पाऊल जोरात पडलं तर मामांचं वाटे, हळू पडलं तर कुणा नटीचं. भिंतीला हात लावत ती वर गेली, आणि वळणाआधीच्या पायरीवर तिचा पाय थांबला. तिने थांबवला नव्हता. खाली मामांनी ते ऐकलं असणारच. आता ते आपल्याकडेही पाठ फिरवतील आणि सगळं संपेल, असं वाटून ती तिथेच उभी राहिली.

"उतर खाली," मामा म्हणाले. "पुन्हा चढ."

लहानपणी धंदा शिकवताना खोक्यावर तिचं पाऊल चुकलं की ते अगदी याच आवाजात पुन्हा म्हणायचे, आणि जमेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. ती कठडा धरून उतरू लागली. खाली मामा काठीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून ऐकत उभे होते.