अंड्याचं सोवळं

आयुष्यात एकदाही अंडं न चाखता अंड्याचा पदार्थ करण्यात जिचा हात धरणारं उभ्या भंडारा जिल्ह्यात कोणी सापडायचं नाही, अशी एकच बाई आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे. हे मी भाचा म्हणून सांगत नाही. भाचा म्हणून मला तिचं बरंच काही सोसावं लागलंय, आणि सोसलेला माणूस कौतुक करताना हात आखडता घेतो. तरीही सांगतो, की तिनं केलेला तो पिवळाधमक, भुरभुरीत चुरा बघितला की माझ्यासारख्या अट्टल अंडेखाऊलाही वाटतं, आपण पाखराच्या जन्माला आलो असतो तर बरं झालं असतं.

आत्या सिहोऱ्याला राहते. घराच्या मागे बोडी म्हणजे छोटं तळं, बोडीच्या खाली धानाची बांधी, आणि घरात गेल्या कित्येक वर्षांपासून ती एकटी. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्यांची तुळशीची माळ. मांसमच्छी तर सोडाच, चातुर्मासात कांदासुद्धा त्या घराचा उंबरा ओलांडत नाही. ती किती कडक, याचं एकच उदाहरण देतो. एकदा तुमसरहून एसटीनं परत येताना तिच्या शेजारी एक माणूस मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन बसला. आत्या उठली आणि गाडीत जागा रिकाम्या असताना सिहोऱ्यापर्यंत दांडा धरून उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा विचारलं तर म्हणाली, "मी उभीच बरी हावो. ज्यायले बसाचं हाये त्यायले बसू दे." रागावली नव्हती ती. उलट उतरताना त्या माणसाला 'सांभाळून नेजो रे, फुटतीन' असं सांगूनही गेली.

अशा बाईच्या घरात फिंच नावाची परदेशी पाखरं आली ती तिच्या मुलामुळे. हा माझा आतेभाऊ पुण्याला नोकरीला होता. कंपनीनं त्याला परदेशी धाडलं तेव्हा जाताना तो एक भला मोठा पिंजरा आणि त्यातली लाल चोचीची, मुठीत मावतील एवढ्याशा आकाराची पाखरं आईच्या ओसरीवर ठेवून गेला. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," म्हणाला. त्या सहा महिन्यांना आता बरीच वर्षं झाली. ही पाखरं काही फार गोड गातात असंही नाही. जत्रेतली स्वस्त पिपाणी वाजावी तशी दिवसभर टीं-टीं करतात. पण आत्याला त्या टीं-टींमध्ये सगळं कळतं. पाणी संपलं, मांजर आलं, नवराबायकोचं बिनसलं, सगळं ती चुलीपुढे बसून ओळखते आणि तिथूनच ओरडून निवाडा देते.

पाखरांनी पहिल्यांदा पिल्लं काढली तेव्हा आतेभावानं फोनवरून सांगितलं, "आई, नुसत्या राळ्यानं भागणार नाही. पिल्लं असली की त्यांना अंड्याचं खाणं लागतं. उकडलेलं अंडं, टोस्टचा चुरा..."

"अंड्यातून निंगालेल्यानं अंडंच खावं?" आत्या कडाडली. "अना ते म्या शिजवावं? तू परदेशात जाऊन हेच शिकला का?" फोन ठेवून दिला.

ती पिल्लं जगली नाहीत. आत्यानं त्यांना पळसाच्या पानात गुंडाळून तुळशीमागे पुरलं, दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि संध्याकाळी मला भंडाऱ्याला फोन केला. "बाबू, शनिवारी येशीन ना? येताना पांढरे आलू आनजो."

तेव्हापासून आमच्यात अंड्यांना पांढरे आलू म्हणतात. मी ते लाडवाच्या डब्यात धानाच्या कोंड्यात रोवून नेतो, कारण गावातल्या किराणा दुकानात आत्यानं अंडी मागितली तर त्या दुकानदाराला झीट येईल, अशी तिची खात्री आहे. खरं म्हणजे डब्यात काय असतं हे सिहोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकदा स्टँडवर उतरलो तर पानठेल्यावरच्या एकानं हाक मारली, "का गा भाऊ, आत्याबाईचे आलू आनले का?" पण आत्यापुढे सगळं गाव काही न कळल्याचं सोंग आणतं, आणि हे सोंग इतकं प्रेमानं वठवतं की मला त्या गावाचा हेवा वाटतो.

सुरुवातीला अंडं शिजवायचं म्हणजे आत्याच्या दृष्टीनं सुतकाचं काम. गोठ्यापलीकडे तीन विटांची वेगळी चूल, वेगळा पितळी गंज, वेगळा पाटा, पुरणाची वेगळी जाळी आणि अंगावर वेगळं, जुनं लुगडं. काम झालं की डोक्यावरून आंघोळ करून मगच घरात पाऊल. पण स्वयंपाकाचा अभिमान मोठा वाईट. बाई अंडं चाखणार नाही, त्याचा वास आला तरी नाक मुरडणार, आणि तरीही हातून पदार्थ बिघडलेला तिला खपणार नाही. "शिजलं हे समजाचं कसं?" तिनं मला विचारलं होतं. "भातासारखं दाबून पाहाता येत नाई, वरनासारखं चाखता येत नाई." मी घड्याळ बघायला सांगितलं. घड्याळावर स्वयंपाक करतात ते हॉटेलवाले, असं तिनं मला ऐकवलं आणि स्वतःचं माप शोधून काढलं. गंजाला उकळी फुटली की ती खराटा घेते. अख्खं अंगण झाडून, सडा घालून, फाटकापाशी खराटा आपटला की अंडं शिजलं. पाहुणे आल्यामुळे अंगण अर्धवट राहिलं तर ती ते अंडं पाखरांना देत नाही, पुन्हा पहिल्यापासून झाडते. सिहोऱ्यात तिच्याएवढं स्वच्छ अंगण कोणाचं नाही.

मग टरफलं तव्यावर भाजून पाट्यावर मेंदीसारखी वस्त्रगाळ वाटायची. अंडं जाळीतून पाडायचं. त्यात ही टरफलांची पूड, टोस्टचा चुरा, सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला आणि किसून घट्ट पिळलेलं गाजर. शेवटी एक मूठ वळून बघायची. मूठ उघडल्यावर मुटका जसाच्या तसा राहिला पाहिजे आणि बोट लावताच भुसभुशीत फुटला पाहिजे. बोटाला चिकटला तर टोस्ट कमी, नुसताच सांडला तर गाजर कमी. आणि वाटीत ठेवलेलं खाणं ऊन चढायच्या आत काढून टाकायचं, मग त्यातला दाणाही कोणी शिवला नसला तरी. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी दहालाच ऊन माणसाला भाजून काढतं, तिथे अंड्याची काय कथा!

गंमत अशी, की हे सगळं करता करता आत्याच्या नकळत तिचं सोवळं उलटं फिरलं. आधी ती अंड्यापासून घराला जपत होती. हळूहळू घरादारापासून अंड्याला जपू लागली. पूर्वी काम झाल्यावर आंघोळ करायची, आता कामाच्या आधी करते. जुन्या लुगड्याच्या जागी धुतलेलं आलं. गोठ्यापलीकडची चूल तर शेणाच्या वासाचं निमित्त होऊन अंगणात आली. एकदा भजनी मंडळातले एक वयोवृद्ध माळकरी तिच्याकडे सहज डोकावले आणि बोलत बोलत पाट्याजवळ गेले. आत्या किंचाळली, "तिकडेच राहा बुवा! शिवू नोका!" म्हातारा गहिवरला. आपल्याला विटाळ होऊ नये म्हणून ही माउली किती जपते, असं काहीतरी पुटपुटत त्यानं हात जोडले. आत्या म्हणाली, "तसं नाई बुवा. तुमच्या हाताले खर्ऱ्याचा वास येऊन राहिला. लेकराचं खानं हाये ते." बुवांनी मुकाट्यानं हात धुतले. पुढे ते तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडायच्या गोष्टी करत होते असं ऐकलं. सोडला मात्र नाही.

या सगळ्यात एक गोष्ट पक्की होती. एकादशीला, सणावाराला आणि नवरात्रात त्या चुलीवर अंडं चढत नसे. आत्याच्या घरी घट बसतो. तिच्या सासूनं मरताना तिच्या हातात दिलेला घट, आणि नऊ दिवसांची अखंड ज्योत. ती ज्योत तिनं नवरा गेला त्या वर्षीही विझू दिली नव्हती. त्या दिवसांत ती स्वतः पाण्यावर आणि भगरीवर असते, आणि पाखरांचाही तिच्या हिशेबानं उपासच. त्यांना राळं आणि मोड आलेले मूग. आजवर ते निभावलं होतं, कारण आजवर पाखरांनी मुहूर्त साधला नव्हता.

मागच्या नवरात्रात घट बसले आणि त्याच सकाळी घरट्यातली अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. आवाज पडलेला. "बाबू, मायबाप खाऊ नाई घालून राहिले. मूग नुसते उधळून देतात. तू तुह्या घरी शिजव अना घेऊन ये. माह्या अंगनात नाई जमत आता."

मी रजा टाकली. भंडाऱ्याच्या माझ्या खोलीत घड्याळ लावून अंडी उकडली, ती म्हणते तसं सगळं घातलं, उरलेली कच्ची अंडी नेहमीच्या लाडवाच्या डब्यात कोंड्यात रोवली आणि तुमसरवरून दोन गाड्या बदलून दुपारी सिहोऱ्याला पोचलो. आत्यानं ओसरीवरच खाण्याचा डबा उघडला. उन्हात दमट झालेला तो लगदा तिनं लांबूनच बघितला, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला डब्यात शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. "हे काय आनलं गा? भिंती लिंपाचं हाये का?" तरी तिनं चिमूटभर वाटीत घातलं. नर पाखरू वाटीपाशी आलं, मान तिरकी करून बघितलं आणि दांडीवर जाऊन पाठ फिरवून बसलं. एक पिल्लू तोवर गेलेलं होतं. उरलेल्या तिघांच्या माना उचलत नव्हत्या. चोची उघडायच्या, पण आवाज नव्हता.

आत्या आत गेली. मी दारातून बघत होतो. घटापुढे ती पाटावर न बसता जमिनीवरच बसली, ज्योतीत तेल घातलं आणि शेजारणीशी बोलावं तशी देवीशी बोलू लागली. "हे पाहा माय. तुह्या घटात म्या गहू पेरले, तू ते उगवून देल्ले. तसंच तिकडे बी उगवलं हाये. याले पानी घालाचं अना त्याले मराले सोडाचं, हे मले नाई जमत. तुले राग आला तं माह्यावर काढ, लेकरायवर नोको काढू." देवीनं काय उत्तर दिलं मला माहीत नाही. आत्याला काय वाटलं तेही ती कधी बोलली नाही. पण सांगायला लाज कशाची, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ती उठली, आंघोळ करून आली आणि पूजेचं रेशमी सोवळं नेसली. माझ्या लाडवाच्या डब्यातली कच्ची अंडी घेऊन अंगणात, तुळशीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिनं चूल पेटवली. उकळी फुटली तशी खराटा घेतला. रेशमी सोवळ्यातली ती बाई अंगण झाडत असतानाच आळीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन फाटकात येऊन थबकल्या. इतकी वर्षं जपलेलं सोंग आता त्यांनी करावं तरी कसं? गंज समोर खदखदत होता आणि वास साऱ्या अंगणात पसरला होता. आत्यानं खराटा थांबवला नाही. "आज दोन नैवेद्य हायेत माय," ती म्हणाली. "एक आतमधी ठेवला हाये, दुसरा होऊन राहिला. घाई असंन तं आरती करून घ्या." मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं ताट खाली ठेवलं, नळावर जाऊन हात स्वच्छ धुतले आणि म्हणाली, "गाजर म्या किसू का?"

वाटी ठेवली तसा तो नर खाली उतरला. थोड्या वेळानं घरट्यातून टीं असा बारीकसा आवाज आला, मग दुसरा, आणि आरती त्या दिवशी चांगलीच उशिरा झाली.

दसऱ्याला मी पुन्हा गेलो. तिन्ही पिल्लांना पिसं फुटायला लागली होती. घट हलवला, आणि आत्यानं घटात उगवलेले पिवळट जवारे खुडून माझ्या कानावर खोचले. तिच्या सासरची पद्धत अशी, की पहिला तुरा घरच्या मुलाचा. मुलगा घरी नसतो म्हणून दर वर्षी ती तो देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवते आणि तो तिथेच वाळून जातो. या वेळीही तिनं पहिला तुरा बाजूला काढला. पण तसबिरीकडे न जाता ती ओसरीवर आली आणि पिंजऱ्याच्या तारांतून तो आत सरकवला. पाखरं आधी बिचकली, मग आई-बाप दोघंही तुटून पडले. मी काही विचारलं नव्हतं. तीच पिंजऱ्याकडे बघत म्हणाली, "त्याच्याच वाट्याचे हायेत. कोनी तं खाल्ले पाहिजेत ना बाबू." आणि पदरानं हात पुसत उरलेले जवारे बोडीच्या पाण्यात शिरवायला एकटीच निघाली.