कोरी काच

आमच्या घरात दुकानातला कापूस कधी आला नाही. आला असता तर आईने तो उंबऱ्याच्या आत घेतला नसता. घाटंजीच्या अलीकडे आमचं वावर आहे, दरवर्षी कपाशी असते, आणि पहिल्या वेच्यातला सगळ्यात पांढरा कापूस आई बाजूला काढून ठेवते. त्यातली सरकी ती हाताने काढते. त्याच्या वाती होतात, उशा भरतात, गावातल्या बाळंतिणींकडे जातो. मी पीएचडीला लागल्यापासून त्यातलाच एक गठ्ठा माझ्या प्रयोगशाळेतही यायला लागला. काचा पुसायला.

मी दिग्रसच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवते. संशोधनाचं काम झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मचं. तव्यासारखी तापणारी लोखंडी प्लेट असते, तिच्यावर काचेची पट्टी ठेवायची आणि वरून जस्ताच्या क्षाराचं द्रावण फवारायचं. पाणी उडून जातं आणि काचेवर ऑक्साइडचा थर बसतो, इतका पातळ की नुसत्या डोळ्यांना साबणाच्या फुग्यावरचे रंग तेवढे दिसतात. त्या थरातून वीज किती वाहते, चुंबकाजवळ नेला तर तो काय करतो, हे मोजायचं. सगळी मेहनत फवाऱ्याच्या आधीची. काचेवर बोटाचा डाग राहिला तरी फिल्म पापड सोलल्यासारखी सुटते. त्यामुळे आमच्या गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "काचा पुसते ते. आन् त्याचीच मोठी डिग्री भेटते." ती चेष्टा करत नव्हती, आणि फारसं चुकतही नव्हती.

वीज मोजायची सोय आमच्याकडे होती. चुंबकत्व मोजायचं यंत्र मात्र लांबच्या शहरातल्या एका संस्थेत. नंबर लावायचा, महिनोन् महिने वाट पाहायची, मग धामणगावला जाऊन रेल्वे पकडायची, नाहीतर काचा पाकिटात घालून पाठवायच्या. तिकडून आलेख येतो. रेघ सरळ गेली तर पदार्थात चुंबकत्व नाही. रेघेने वळसा घेतला, मध्ये फट पडली, तर आहे.

माझ्या फिल्मच्या रेघेने वळसा घेतला होता. झिंक ऑक्साइड मुळात चुंबकाला विचारत नाही. काचेसारखी पारदर्शक, वीज वाहून नेणारी आणि वर चुंबकीय अशी वस्तू सापडली तर माहिती साठवायच्या नव्या उपकरणांना ती हवी आहे, म्हणून जगभर लोक तिच्या मागे लागलेत. ती दिग्रसला सापडली म्हटल्यावर मी मनातल्या मनात किती मांडे खाल्ले ते सांगत नाही. माझ्या नोंदणीची वाढवून घेतलेली मुदत उन्हाळ्यात संपत होती. त्याआधी प्रबंध गेला नाही तर डिग्री नाही, आणि डिग्री नाही तर कायमची नोकरी नाही. प्रबंधाचे पहिले तीन भाग असे होते की वाचताना मलाच जांभया यायच्या. चौथा भाग चुंबकत्वाचा, त्याच्यावर सगळं उभं होतं.

माझे मार्गदर्शक सर यवतमाळचे. निवृत्तीला आलेले, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः अशाच एका ऑक्साइडच्या फिल्ममध्ये, लोखंडासारखं काहीही न घालता, चुंबकत्व दाखवलं होतं. त्या पेपरवर त्यांचं नाव झालं. तो आलेख त्यांच्या खोलीत चौकटीत लावलेला होता. माझा आलेख पाहून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाह्य बेटा, म्या म्हणलं नव्हतं?" त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. पेपर लिहून झाला, एका जर्नलने किरकोळ दुरुस्त्या सांगून परत पाठवला. आता फक्त दुरुस्त करून पाठवायचा बाकी होता.

आणि तिथेच माझं डोकं फिरलं. चुंबकत्व यावं म्हणून मी फिल्ममध्ये कोबाल्ट मिसळत होते. थोडा घातला तर वळसा तेवढाच. जास्त घातला तरी तेवढाच. मुळीच नाही घातला तरी तेवढाच. मीठ घाला, न घाला, भाजी तेवढीच खारट. घरात असं झालं तर कुठलीही बाई आधी पाणी चाखून पाहील. सरांचं उत्तर तयार होतं. थरात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, चुंबकत्व त्यातून येतं, कोबाल्टचा संबंध नाही. असं छापलंही गेलेलं आहे. पण मला ते गिळवेना.

मी म्हटलं, "सर, एक कोरी काच मोजू का? फिल्म नसलेली?"

"कोरी काच कायले मोजून राह्यली?" सर म्हणाले. "नंबर वाया जाईन. काच काच असते. हात दाखवून अवलक्षण करू नको."

मी मान हलवली. मी मान हलवली म्हणजे हो म्हटलं असं होत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सरांना माहीत नव्हतं. मी एक पट्टी नेहमीसारखी धुतली, पुसली, तापवली, फवारा फक्त साध्या पाण्याचा मारला आणि ती इतर काचांसोबत पाठवून दिली.

उत्तर ईमेलने आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. कोऱ्या काचेची रेघ वळली होती. तोच वळसा, तीच फट. म्हणजे मी जे मोजत होते ते माझ्या फिल्मचं नव्हतंच. मला रडू आलं नाही, संताप आला. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून घंटा झाल्यावर वर्गात जाऊन पोरांवर काढला.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून खोलीचं दार लावलं. मग विचारलं, "त्या काचेचं कोणाजवळ बोलली?"

"नाही."

"मंग बोलू नको. पेपर जाऊ दे जर्नलले. पयले डिग्री घे, मंग करत बस खरं-खोटं."

"सर, आधी खरं-खोटं करते."

"मुदत तुयी संपून राह्यली, माही नाई," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं. ते चिडले होते. मीही.

मग सुरू झाला चोराचा शोध. पहिला संशय स्टीलच्या चिमट्यावर. काच उचलताना त्याचे कण घासून बसत असतील. प्लास्टिकचा आणला, वळसा गेला नाही. मग लोखंडी प्लेट. काच आणि प्लेटच्या मध्ये फरशीचा तुकडा ठेवला, तरी नाही. दरवेळी नंबर, दरवेळी वाट पाहणं. लाइन गेली की प्लेट थंड, फिल्म वाया, पुन्हा पहिल्यापासून. कापसाकडे माझं लक्षच गेलं नाही, कारण तो आईचा होता.

वेचणीच्या दिवसांत घरी गेले तेव्हा आई ओसरीत बसून सरकी काढत होती. मांडीवर पांढराशुभ्र कापूस, आणि लुगड्यावर, तिच्या बोटांच्या भेगांत काळी धूळ. वावरातली. मी बघतच राहिले. आमची काळी माती ही काळ्या दगडाची झालेली, तो दगड लाव्ह्याचा, आणि त्यात चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण असतात. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देते. आणि काचेवरच्या त्या वळशाला सुईच्या टोकावर दिसणार नाही इतकी धूळ पुरते.

माझ्या पिशवीत कॉलेजचा चुंबक होता. तो कागदात गुंडाळला, वावराच्या बांधावरची, धुऱ्यावरची माती ओंजळभर आणली आणि तिच्यातून फिरवला. वर काढला तर कागदाला काळी दाढी.

आई आधी दुखावली. "काहून वं, माह्या कापसात घाण हाय म्हणतं तू?"

मी तिला चुंबक हातात दिला. तिने एकदा फिरवला, झटकला, पुन्हा फिरवला, आणि शेजारच्या काकूला हाक मारून म्हणाली, "बाप्पा! आपल्या वावरात लोखंड हाय, आन् आपण कपाशी पेरून राह्यलो!" दोघी खूप हसल्या. मग काकू गेली आणि आईचं हसू थांबलं.

"मंग माह्यापाई तुये इतके दिवस गेले का?"

"गेले," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय आता राहिली नव्हती. "पण तुह्यापाई नाई. म्या पाह्यलं नाई म्हणून."

"मंग आता पाह्य," ती म्हणाली आणि सरकी काढायला लागली.

मी पाहिलं. पुसणंच बंद केलं. काचा आम्लात ठेवल्या, शुद्ध पाण्यात उकळल्या, उभ्या करून गरम हवेवर वाळवल्या. सगळ्या फिल्म नव्याने केल्या. आपण हे का करतोय असं अधूनमधून वाटायचं, तेव्हा मी उठून आणखी एक काच धुवायची. शेवटी काचा घेऊन मी स्वतः गेले. यंत्र सांभाळणारे गृहस्थ सज्जन होते. कोरी काच मोजली, फिल्म मोजल्या, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यात काहीच नाही हो मॅडम. सॉरी." पडद्यावर रेघ सरळ होती. तापमान बदललं तरी सरळ. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहाला चला म्हटलं. माझी अक्कल गेली असं त्यांना वाटलं असावं.

धामणगावला उतरून मी घरी न जाता थेट यवतमाळला सरांकडे गेले. सगळे आलेख टेबलावर पसरले, कापसातल्या धुळीचं सांगितलं. कापसाने पुसलेली कोरी काच, वळलेली. न पुसलेली, सरळ. नव्या फिल्म, सरळ.

"पेपर परत घ्यायचा," मी म्हटलं. "चौथा भाग हाच. या फिल्ममध्ये चुंबकत्व नाही, आणि दिसलं ते कुठून आलं."

"परीक्षक विचारन, नवं काय यात?"

"विचारू दे. मुदतीत लिहून होते. मी लिहिणार."

सरांनी आलेख पुन्हा पाहिले. वाद घालतील म्हणून मी उत्तरं घेऊन बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, "कापूस कुठचा होता म्हणाली?"

"घरचा. आमच्या वावरातला."

सरांचं वावर केळापूरकडे आहे, तिथेही तीच माती. मग ते उठले, कपाटातून एक जुना लाकडी डबा काढला. आत त्यांच्या त्या जुन्या पेपरच्या वेळच्या काचा, कागदात गुंडाळलेल्या, मध्ये मध्ये पिवळा पडलेला कापूस. एकेक कागद उघडून बघत त्यांनी एक पट्टी बाजूला काढली. तिच्यावर रंग नव्हते.

"हे पुसून ठेवली होती. फवारा मारायचा राह्यला," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले जाशीन तं मोजून आण."

मला त्यांच्याकडे बघवेना. तरी विचारायलाच हवं होतं.

"आणि सर, रेघ वळली तर?"

"तं तुह्या चौथ्या भागात माहा पेपर घे," सर म्हणाले. "नावासकट."