डाव्या खिशातले हरभरे

या सदरातले अनुभव मी आजवर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत आलोय... हसायला. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला रिकाम्या खोलीतून खोकला ऐकू येतो. मी म्हणायचो, पित्त झालं असेल. मी शाळेत गणित शिकवतो. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. आणि माझ्या बाबतीत जे घडलं ते नेमकं मोजण्यातच घडलं — म्हणून लिहायला बसलो. बायको आज हसत नाहीये.

आम्ही मूळचे शिरपूर जैनचे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, मालेगावला कापडाचं दुकान चालवायचा आणि मी तिथल्याच शाळेत. मेडशी रोडला नवे ले-आउट पडले तेव्हा दोघांनी शेजारी-शेजारी प्लॉट घेऊन घरं बांधली. ले-आउटच्या मागे एक जुना पाझर तलाव आहे. काही वर्षांपूर्वी तो साफ करून त्याच्या काठानं पेव्हर ब्लॉकची वाट केली, बाकं टाकली, व्यायामाची चार यंत्रं बसवली. यंत्रांवर बायका स्वेटर अडकवतात. त्या वाटेला आम्ही सगळे ‘ट्रॅक’ म्हणतो. फाटकाजवळ पाखरांना दाणे टाकायचा चौथरा आहे. पलीकडच्या टोकाला बेशरमची झाडी माजली आहे, तिच्या आड एक विजेचा खांब. तो फाटकाजवळच्या बाकावरून दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

दोघांनाही शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तलावाच्या पाच फेऱ्या. दादाची मोजायची एक रीत होती. उजव्या खिशात तुरीचे पाच दाणे ठेवायचे, फेरी झाली की एक दाणा डाव्या खिशात. पाचही डावीकडे गेले की ते चौथऱ्यावर टाकून घरी. मी म्हटलं, मला दाण्यांची काय गरज, मी तोंडी मोजतो. पहिल्याच आठवड्यात तीन फेऱ्यांत पाच झाल्याचं जाहीर करून मी बाकावर बसलेला सापडलो.

“काहून बे मास्तर? पोरायले पाढे शिकवतं अन् तुले पाचलोक मोजता येत नाही?”

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खिशात माझ्या नावाचे पाच हरभरेही आले. “माह्यासोबत चालला त हरभरा हलन. नाई चालला त नाई हलन.” दादा तसा खोटं बोलणारा नव्हता. लहानपणी मात्र वडिलांसमोर माझ्यासाठी बोलायचा. शाळा बुडवून मी बोरं खात फिरायचो आणि हा बेधडक सांगायचा, “माह्यासोबतच होता.”

मागल्या पौषातली सकाळ. थंडी अशी की कानटोपीतून कान दुखत होते. दोन फेऱ्या झाल्या आणि मी बाकावर बसलो. दादा निळं जाकीट घालून चालत राहिला. तिसऱ्या फेरीनंतर जाता-जाता म्हणाला, “बसा, बाक गरम करा.” चौथीनंतर मात्र थांबला.

“चल न बे. शेवटची हाय, सोबत मारू.”

“तू हो पुढं. मी आलोच.”

मोबाइलवर कुणीतरी गूळ खाण्याचे फायदे पाठवले होते. शुगरचा पेशंट मी — ते वाचत होतो.

एक फेरी दहा-बारा मिनिटांची. वीस मिनिटं झाली. वाटलं, कुणी भेटलं असेल, गप्पा मारत असेल. मग पलीकडून एक बाई ओरडत आल्या. दादा खांबाला पाठ टेकून बसला होता, दमल्यावर बसतो तसा. ऑटोत घालून नेलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

पुतण्याला पुण्याला फोन लावायचा होता. माझा मोबाइल बाकावरच राहिलेला. दादाचा शोधायला त्याच्या जाकिटात हात घातला तर बोटांना दाणे लागले. तिथं, ट्यूबलाइटखाली, तळहातावर घेऊन पाहिले. उजव्या खिशात एक तूर आणि तीन हरभरे. डाव्यात चार तुरी, दोन हरभरे. चोख हिशेब. मी ते जिथले तिथं ठेवले. का ठेवले, सांगता येत नाही... त्याचं मोजणं मोडायला हात धजला नाही. कपडे एका पिशवीत आले. तिला मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला मारतो तशी दुहेरी गाठ मारली.

घरी वहिनींनी रडता-रडता विचारलं, “भाऊजी, शेवटच्या फेरीले तुमी सोबत होते न?”

“हो, वहिनी. सोबतच होतो.”

“काही बोलले का हो?”

त्यांच्या तोंडाकडे पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणाला, लवकर चल, घरी चहा घेऊन वाट पाहून राह्यली असन.”

झालं. वर्षभर जो कुणी भेटायला आला त्याला वहिनींनी हे वाक्य सांगितलं. सांगून झालं की थोडं हसायच्या. मी कोपऱ्यात बसून चहा प्यायचो. बिनसाखरेचा असूनही तो मला गिळवायचा नाही.

पिशवी त्यांनी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. उघडत नसत — “उघडलं त त्याईच्या अंगाचा वास जाते.” मला बरंच होतं. पण वर्ष भरत आलं आणि एका संध्याकाळी वहिनी दारात आल्या. “भाऊजी, उद्या सकाळी तलावावर चला. त्या दिवशी त्याईचे दाणे पाखरायले टाकाचे राह्यले. खिशातच असतीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच बाकावर बसलो. तलावावर धुकं, काठाला दोन बगळे. पिशवी वहिनींच्या मांडीवर. म्हणाल्या, “सोडा गाठ. मले नाई सुटत.”

गाठ माझीच होती. दुहेरी, करकचून. मी तिला हात लावला आणि मला काही ते जमेना. म्हटलं, खिशानं सांगण्याआधी आपण सांगावं.

“वहिनी, मी सोबत नव्हतो. दोन फेऱ्या मारून इथंच बसलो होतो. त्यानं बोलावलं, मी गेलो नाही. यात माझे हरभरे आहेत, मी चाललो तरच ते तो हलवायचा. उजव्या खिशात तीन निघतील. एक तूर निघेल त्याची. मी दवाखान्यात पाहिलंय.”

वहिनींनी पिशवी मांडीवर सारखी केली. मग अगदी हळू, “मंग ते चहाचं?”

“तेही मीच.”

त्यांनी मान तलावाकडे फिरवली. मला वाटलं, शिव्या द्याव्यात, उठून जावं. त्यांनी फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पलीकडे टिटवी ओरडत होती. मग म्हणाल्या, “एकटेच होते म्हना.”

“हो.”

“सोडा गाठ.”

सोडली. जाकीट बाहेर निघालं तसं त्यांनी ते आधी तोंडाला लावलं. मग उजव्या खिशात हात घातला. खिसा उलटा करून बाहेर काढला. रिकामा. शिवणीत अडकलेली धूळ, बाकी काही नाही.

मग डावा. वहिनींनी मूठ उघडली. पाच तुरी — कीड लागून भोकं पडलेल्या. आणि पाच हरभरे. मी मोजले. पुन्हा मोजले. वहिनींच्या हातावरून माझ्या हातावर घेऊन मोजले. पाच अन् पाच.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. “मंग खोटं कोन बोलून राह्यलं? तुमी का हे?”

 मी पन्नाशी उलटलेला माणूस, ट्रॅकवर लोक येत-जात असताना, कानटोपी तोंडावर ओढून रडलो. एक ओळखीचे गृहस्थ थांबून “शुगर डाउन झाली का सर?” विचारून गेले.

वहिनी उठल्या. तुरी चौथऱ्यावर टाकून आल्या. हरभरे मात्र माझ्या हातात ठेवले. “हे तुमचे. किती राह्यल्या होत्या तुमच्या?”

“तीन.”

“मंग चला.”

शाल घट्ट ओढून, चपला फटफट वाजवत त्या माझ्यासोबत तीन फेऱ्या चालल्या.  तिसऱ्या फेरीला खांबापाशी थांबल्या, खांबाला तळहात टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला. “घरी चला,” म्हणाल्या. “चहा ठेवतो.”

मी खूप डोकं चालवलं. दवाखान्यात चुकीचं मोजलं? दोन हरभरे आणि पाच हरभरे यांत माझी चूक होत नाही, तेवढं गणित येतं मला. वहिनींनी आधीच उघडून हलवले? त्यांना हरभऱ्यांची भानगड त्या सकाळपर्यंत ठाऊकच नव्हती, आणि गाठ माझीच होती. दादानंच माझ्यावर माया करून हलवले असतील? पण मग त्याची पाचवी तूर? ती फेरी पुरी झालीच नाही, आणि मी तर सगळे दाणे तो गेल्यानंतर पाहिले होते. कुठल्याही बाजूनं सोडवलं तरी उत्तर जुळत नाही. तुमच्यापैकी कुणाला जुळलं तर कळवा. नाही जुळलं तरी हसू नका... मी हसायचो.

ते पाच हरभरे माझ्याकडे आहेत. रोज सकाळी उजव्या खिशात टाकून निघतो. बाकावर बसत नाही. घरी येतो तेव्हा पाचही डाव्या खिशात असतात. हे कसे तिकडे गेले, ते मात्र मला माहीत असतं.