व्याह्याच्या गाडीला आहेर

पालममध्ये योगीराज मिस्त्रींना कुणी मिस्त्री म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. बॉनेट उघडायच्या आधीच ते रोग सांगतात. सांगितलेला रोग निघाला नाही, तर चूक गाडीची.

त्यांच्या लेकीला, ऋतिकाला, माहेरी सोडायला तिचे सासरे रामहरी चुडाव्याहून नवी कार घेऊन आले. व्याह्यांना टॉवेल-टोपी झाली, विहिणीला साडी झाली. मग गाडीनं काय घोडं मारलं होतं? डॉक्टरांनी तिचं पाण्यासारखं पातळ तेल काढून फेकलं आणि ट्रॅक्टरचं घट्ट, कसदार तेल पाजलं. वर एक डबा डिकीत ठेवला.

"इवाई, आता बघा कशी पळती," ते म्हणाले.

आठवड्यानं रामहरी सुनेला न्यायला आले ते गचके खातच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, चढाला ओढ नाही.

डॉक्टरांनी कान लावून निदान केलं: प्लग. प्लग बदलले, दिवा तसाच. मग रामहरींनी परभणीला भरलेल्या पेट्रोलला शिव्या घालून झाल्या. शेवटी नाइलाजानं स्कॅनर जोडला. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागं पडतेय, असं त्यानं सांगितलं. वेगाप्रमाणे ती वेळ पुढंमागं होते तेलाच्या दाबावर, आणि तो दाब सोडायला एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह असतो. डॉक्टरांनी तो काढून बॅटरीला लावला. टकटक वाजला, ठणठणीत होता. मग उरलं काय? त्यांनी तेलाची डिपस्टिक ओढली, तर त्यांचाच आहेर काकवीसारखा ओघळत होता. एवढं घट्ट तेल त्या बारीक वाटेतून वेळेवर सरकणार कसं?

हे कळलं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागणार. रामहरी घरात चहाला बसले तेवढ्यात डॉक्टरांनी गुपचूप ते काढून पातळ तेल भरलं. दिवा विझला, इंजिन शांत झालं.

"पेट्रोल खराब व्हतं," डॉक्टरांनी जाहीर केलं.

"मानलं तुमाला," रामहरी खूश होऊन म्हणाले. "आता घरी गेलं की डिकीतल्या डब्यातलं तेल मीच भरतो. भावाच्या गाडीत बी टाकतो."

ऋतिका गाडीत बसली होती. डॉक्टरांनी गप्प राहावं तर तिच्या सासरच्या दोन गाड्या बसणार, बोलावं तर नाक इथंच कापलं जाणार. डॉक्टरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"नका टाकू इवाई. त्या तेलानंच बिघाड झाला. मीच भरलं व्हतं."

रामहरींनी डिकीतून डबा काढून त्यांच्या हातात दिला. आहेर परत आला, म्हणून डॉक्टरांची बायको शिवकन्या दारातच रडवेली झाली.

"पुढच्या बारीला निस्ती टोपी द्या," स्टिअरिंगवर बसत रामहरी म्हणाले. "तिनं कुणी आजारी पडत न्हाई."

ऋतिका फस्सकन हसली, तेव्हा कुठं डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.