चार सेकंदांचं चक्र

लातूरला ज्या क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवायचो, तिथली वेबसाइट एक गृहस्थ सांभाळायचे. भूकंपातून वाचलेला माणूस. सर्व्हरच्या खोलीत एसी चालू असला तरी दार सताड उघडं ठेवायचे. "मशीन दुसरी येईल सर, माणूस न्हाई," म्हणायचे.

सराव परीक्षेचा निकाल लागला की साइट बंद पडायची. कुणीही पान उघडलं की मशीन सगळ्या मुलांचे गुण नव्याने मोजून क्रमांक लावायची. "पोराचा नंबर काय दर मिनिटाला बदलायलाय का?" असं वैतागून त्यांनी क्रमांक एकदाच काढले आणि प्रत्येकाचं पान आधीच तयार करून ठेवलं. निकाल क्षणात दिसू लागला.

तर देगलूरहून एका वडिलांचा फोन आला, "इतक्या लवकर? पेपर नीट तपासले तरी का?" असे फोन वाढले, तेव्हा संचालक म्हणाले, "जरा हळू करा."

आमच्या या गृहस्थांनी पानावर एक फिरणारं चक्र टाकलं. ते चार सेकंद नुसतंच फिरायचं, मागे काहीच चालत नसे. पालक खूश झाले.

पुढच्या परीक्षेला त्यांची स्वतःची मुलगी बसली होती. "पान तयारच असेल, चक्र टाळून सरळ उघडा की," निकालाच्या दिवशी मी म्हणालो.

"न्हाई सर."

त्यांनी तिचा बैठक क्रमांक टाकला. चक्र फिरू लागलं, तसे त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी हसणार होतो. पण माझेही हात जुळले होते.