इंजिन थंड होईपर्यंत

ताईला शिडाची बोट घ्यायची होती आणि भाऊजींना ती घ्यायची नव्हती. पण भाऊजी तसं तोंडाने कधी म्हणाले नाहीत. ताईने पसंत केलेली प्रत्येक बोट बघून झाली की "बोट छान आहे, पण इंजिन..." एवढंच म्हणायचे आणि मान हलवायचे. झालं, ताईचं तोंड एवढंसं व्हायचं.

त्यांच्यापुढे बोलणार कोण? आमच्या बंदरात जुन्या डिझेल इंजिनांचे मिस्त्री तेच. वापरलेली बोट घ्यायची तर आधी यांना दाखवायची, असा सगळ्यांचा शिरस्ता. शिडाच्या बोटीला मुळात इंजिन हवंच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "वारा पडला की घरी कोण आणणार? तुझी बहीण, वल्हवत?" म्हणाले. माणूस तिरकस, पण कामात चोख. बोटीवर गेले की मालकाशी बोलायच्या आधी इंजिनाला हात लावून बघायचे. गरम लागलं की पिशवी उचलून चालू पडायचे. थंड असताना जे धड सुरू होत नाही, ते इंजिन तापलं की अगदी गुणी लेकरासारखं वागतं. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणारे मालक त्यांनी चिक्कार पाहिले होते.

त्या दिवशी एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांची निळी बोट बघायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून विकत होते. भाऊजींनी हात लावला.

"तापलंय."

"हो ना, तुमचा खोळंबा नको म्हणून सकाळीच सुरू करून ठेवलं," डॉक्टर हौसेने म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, आपण पाहुणचार केला. भाऊजींनी लगेच पिशवी उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि तो बघून माझं डोकंच फिरलं.

ताई मात्र खाली केबिनमध्ये ऐसपैस बसली होती. "थंड होऊ दे. मी काही इथून हलत नाही."

"अगं, संध्याकाळ होईल."

"होऊ दे. घरी कोण रडतंय?"

मग काय, बसलो. डॉक्टरांनी चहा केला, वर गप्पांना ऊत. ताईने बाकावर अंग टाकून मस्त झोप काढली. शाळेत गणित शिकवण्यात तिचा जन्म गेला, समुद्र बघितला तो वर्गाच्या खिडकीतून. निवृत्त झाल्यावर शीड हाकायला शिकली; त्या वर्गात सगळ्यांत थोरली तीच. आता दुसऱ्यांच्या बोटींवर पाहुणी म्हणून किती दिवस जायचं तिने? भाऊजींना मात्र चैन नव्हतं. कपाटाचं कुरकुरणारं बिजागर नीट केलं, गळका नळ घट्ट केला. "घ्यायच्या आधीच संसार मांडलात की," मी म्हटलं. हसले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा इंजिन गार पडलं. भाऊजी कामाला लागले. तेल मोजायची पट्टी काढून तेल बोटांवर चोळून बघितलं. पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं. मग किल्ली फिरवली. एका दमात सुरू. मागून पांढरा धूर आला आणि जरा वेळाने विरला. काळा नाही, निळा नाही; तसा आला तर इंजिन बिघडलेलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. इंजिन गार ठेवणारं पाणी मागच्या नळीतून भरभर पडत होतं. बोट धक्क्याला बांधलेली ठेवूनच त्यांनी गिअर टाकला, पुढे, मागे, दोर ताणले जाईपर्यंत जोर दिला. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. इंजिनाखालची रबरं तेवढी चिरली होती, ती बदलण्यासारखी होती.

"मग?" ताईने विचारलं.

आता खोटं बोलायला काय लागत होतं? आम्हां दोघींना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता. भाऊजी इंजिन बंद करून फडक्याला हात पुसत बसले. पुसतच बसले.

"इंजिनात काही खोट नाही," शेवटी म्हणाले. "भीती मला वाटते. पोहता येत नाही मला. जन्मभर बोटींत वावरलो, पण बांधलेल्या. तू एकटी गेलीस तर माझा जीव टांगणीला, आणि बरोबर यायचं तर धीर होत नाही."

डॉक्टर उगाच दोर गुंडाळायला लागले. माझा राग कुठल्या कुठे पळाला, डोळेच भरून आले. वाटलं, ताई आता त्यांचा हात हातात घेईल. कसलं काय.

"आणि मागे बघितलेली ती हिरवी बोट? तिचं इंजिन?"

"चांगलं होतं."

"त्या आधीची?"

"ते तर फारच चांगलं होतं."

ताई आधी रागाने लाल झाली, मग तिला हसू आवरेना. "इतकी वर्षं मी माझ्या नशिबाला बोल लावत होते, आणि तुम्ही हे आता सांगताय? बोट आपण घेतोय. आणि उद्यापासून तुम्ही पोहायला शिकताय. मी शिकवणार."

"या वयात?"

"मग मी शीड हाकायला काय विशीत शिकले?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तलावावर गेले. भाऊजी कमरेएवढ्या पाण्यात उभे, ताईचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"सोडू नकोस हं," ते म्हणत होते.

"नाही सोडत," ताई म्हणाली. "पण तुम्ही पाय तरी उचला."