डावा कोपरा गोमाचा

पोस्टाच्या नोकरीत मी आयुष्यभर लोकांच्या दुःखाच्या तारा वाटल्या, पण माझ्या वाटणीची बातमी आली ती तोंडीच. महिना होत आला. सकाळच्या गाडीनं नवापूरकडचा एक माणूस नंदुरबारला उतरला, थेट आमच्या कचेरीच्या खिडकीशी आला आणि टोपी काढून उभा राहिला. "बाबू, गोमादादा गया." दोन दिवसांचा ताप, आणि तिसऱ्या दिवशी संपलं सगळं... मी खिडकी लावून घेतली. तिकिटं घ्यायला आलेली माणसं बाहेर चिडचिड करत होती, आणि मला मात्र आत बसल्या बसल्या हसू यायला लागलं. बाहेरच्यांना वाटलं असेल, बाबूचं डोकं फिरलं. पण गोमा आठवला की हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

पहिली लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी बदली नवापूरला झाली. गोमा तिथं डाकेचा हलकारा होता. घरची थोडी डोंगरउताराची शेती, आणि रोज टपालाची थैली खांद्यावर टाकून पाड्यापाड्यांतून धावायचं काम. चालताना मी त्याला फारसा पाहिलाच नाही. थैली माझ्या हातून घेतली की तो निघालाच.

शाळेच्या ड्रिलमास्तरांना फुटबॉलचं वेड होतं. स्टेशनाजवळ लाकडांच्या थप्प्या लागलेल्या असत, त्यांच्या पलीकडच्या मैदानात त्यांनी संघ जमवला होता. एका संध्याकाळी गोमा रिकामी थैली घेऊन परतत असताना चेंडू त्याच्या पायाशी आला. मास्तर ओरडले, "घेऊन पळ!" गोमा पळाला. सगळ्यांना चुकवत, गोलाच्या खांबांमधून पलीकडे, तिथून सडकेवर, आणि सडकेनं थेट पुलापर्यंत! कुठं थांबायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. मास्तर धापा टाकत पुलावर पोचले तेव्हा हा चेंडूवर पाय ठेवून शांतपणे विचारतोय, "आते कोठे जावानं?"

दुसऱ्या दिवसापासून गोमा आमचा लेफ्ट आउट झाला आणि आमच्या संघाची अक्कल कायमची सुटीवर गेली. मास्तर सामन्याआधी धुळीत काठीनं डावपेच काढून दाखवत. त्यात दहा रेघा असत आणि दहाही डाव्या कोपऱ्यात जाऊन मिळत. चेंडू मिळाला की मान वर न करता डाव्या कोपऱ्याकडे मारायचा, बाकी गोमा बघेल. आणि खरंच, तो बघायचाच! मी त्याच्या शेजारचा, लेफ्ट इन. सकाळी त्याच्या हातात थैली द्यायची, संध्याकाळी पायात चेंडू. दोन वर्षांत मी गोलावर एकदाही चेंडू मारला नाही. नंदुरबारच्या संघात माझे शाळूसोबती होते. ते मला गोमाचा पाणक्या म्हणत. मी वरवर हसायचो, पण मनात फार लागायचं. एकदा, एकदाच यांच्यासमोर आपल्या पायानं गोल व्हावा आणि तो गोमानं पाहावा, एवढीच माझी इच्छा होती. लोकांनी कितीही वाहवा केली असती, तरी गोमाच्या एका शाबासकीपुढं मला तिची मातब्बरी नव्हती.

अशात नंदुरबारकरांशी सामना ठरला, नेमका एका थंडीतल्या रविवारी. आणि त्याच दिवशी गोमाच्या पाड्यात एकाचं घर उभं राहायचं होतं. त्यांच्यात घर एकट्यानं बांधत नाहीत. सगळा पाडा सूर्य उगवायला गोळा होतो, कुणी खांब रोवतो, कुणी कुडाच्या भिंती विणतो, कुणी छपरावर गवत चढवतो, आणि दिवस मावळायच्या आत घर उभं करून तिथंच जेवून उठतात. जो येत नाही त्याच्या घराला उद्या कुणी येत नाही. मास्तरांनी परोपरीनं विनवलं. गोमा म्हणाला, "मास्तर, मन्हा घरले तो उन्था." म्हणजे, माझ्या घराला तो आला होता, आता त्याच्या घराला मला जायलाच हवं.

त्याच्या जागी उभं राहायला कुणी धजेना. म्हणून आम्ही दहाच जण उतरलो आणि पहिल्या मिनिटापासून चेंडू डाव्या कोपऱ्यात मारू लागलो. तिथं चिटपाखरू नव्हतं! चेंडू जायचा, रेघेबाहेर पडायचा, आम्ही कपाळाला हात लावायचो आणि पुन्हा तेच. एक गोल आमच्यावर बसला. हाफटाइमला मास्तर इतके बोलले, की त्यांचा घसा बसला. आम्ही माना डोलावल्या आणि पुन्हा जाऊन चेंडू डावीकडेच मारला. पायांना ऐकूच येत नव्हतं.

पण नंदुरबारकर हुशार. ही माणसं रिकाम्या जागी इतक्या नेमानं चेंडू मारतायत, त्या अर्थी यात काहीतरी डाव असणार, असं त्यांच्या कप्तानाच्या मनानं घेतलं. त्यानं एक माणूस त्या कोपऱ्यात उभा केला. मग दुसरा. मग तिसरा! तिघे धट्टेकट्टे गडी मोकळ्या हवेवर पहारा देत उभे, आणि मधलं मैदान सताड उघडं.

तेवढ्यात चेंडू माझ्याकडे आला. समोर फक्त गोलकीपर. मी सवयीनं डावीकडे पाहिलं, तर रेघेबाहेर साक्षात गोमा! केसांत गवत, अंगभर चिखल, खांद्यावर दोरीचं भेंडोळं. मला इतका आनंद झाला, की मी चेंडू सरळ त्यालाच दिला. मैदानाबाहेर!

लोक हसून हसून खाली बसले. गोमानं चेंडू उचलला आणि गोलाकडे बोट दाखवलं. "माले काय देस रे बाबू! मार ना तठे!" मास्तर धावत आले. दहाच जण खेळतोय, अजून जागा आहे, ये आत, म्हणू लागले. गोमानं मान हलवली. "मी दोरी लेवाले उनू. तठे वीस माणसं वाट देखी ऱ्हायनात." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी चालनू. आते या कोपरामा कोणीच नही." चेंडू नंदुरबारच्या माणसाच्या हाती देऊन तो निघाला आणि लाकडांच्या थप्प्यांआड दिसेनासा झाला.

पुढच्या खेपेला चेंडू पुन्हा माझ्याकडे आला. डावीकडे पाहायचं नाही, असं मी बजावलं स्वतःला. गोलकीपर कुठं झुकलाय ते हेरलं, उजवा कोपरा धरला, नेम साधून मारला... गोल! सामना बरोबरीत सुटला. शाळूसोबत्यांनी पाठीवर थापा मारल्या, मास्तरांनी बसलेल्या घशानं आरोळी ठोकली. मी मात्र थप्प्यांकडे बघत होतो. ज्यानं पाहायला हवं होतं तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी थैली देताना मी गोमाला सगळं सांगितलं. "मंग? मंग काय व्हयनं?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "पाय कोणता, डावा का उजवा?" त्या दिवशी त्यानं प्रथमच धावायला उशीर केला. पुढं माझी बदली झाली, दोघांचे केस पिकले, पण नवापूरला गेलो की तो गोष्ट काढायचाच, आणि मी गोलकीपरची झेप, चेंडूचं वळण, माझा नेम, सगळं तपशीलवार सांगायचो. दर वर्षी थोडी भरही घालायचो. तो तोंड उघडं टाकून ऐकायचा.

परवा त्याच्या घरी जाऊन आलो. त्याच्या बायकोनं, जमनावहिनींनी, दारात खाट टाकली. खाटेवर बसत मी म्हणालो, "वहिनी, माझा एकच गोल, पण तो गोमानं पाहिला नाही."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "भाऊ, त्या कोठे गयथात! लाकडंस्ना मांगे उभा व्हतात. बठं देखं त्यास्नी." म्हणजे गोमा गेलाच नव्हता, थप्प्यांमागून सगळं पाहिलं होतं त्यानं! दोरी इतक्या उशिरा आणली म्हणून सगळा पाडा त्याच्यावर ओरडला होता, घर त्या दिवशी दिव्याच्या उजेडात पुरं करावं लागलं होतं. आणि तरी तो जेवताना सगळ्यांना पोस्टबाबूचा गोल करून दाखवत होता. दर होळीला अंगणात दाखवायचा म्हणे.

"कसा दाखवायचा?" मी विचारलं.

जमनावहिनी उठल्या. पदर कमरेला खोचला, अंगणात उभ्या राहिल्या, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि हवेत एक लाथ झाडली. "आशे. तुम्ही डोया मिटीसन मारा."

मी डोळे मिटले होते, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता वर तुम्हांलाही नाही सांगितलं. ना झेप पाहिली, ना वळण पाहिलं, गोल झाला तो मला लोकांच्या ओरडण्यावरून कळला. आणि गोमा वीस वर्षं माझा नेम ऐकत होता, "मंग? मंग काय व्हयनं?"...

मी हसायला लागलो, वहिनीही हसल्या. मग रडलोही दोघं. जरा वेळानं मी म्हणालो, "वहिनी, पुन्हा एकदा दाखवा." त्यांनी पुन्हा पदर खोचला.